पांढरी बाजू बाहेर

ऑफिसच्या कॉलवर सगळ्यांनी विचारलं, स्लायगो कसं होतं? मी म्हटलं, ग्रँड. आयर्लंडमध्ये हा शब्द फार उपयोगी आहे. चहा झाला, पाय मोडला, घरातलं कोणी गेलं, सगळ्याला ग्रँड चालतं, आणि पुढे कोणी काही विचारत नाही. आईला मराठीत सांगितलं, "छान होतं." फोटो पाठव म्हणाली. पाठवते म्हटलं. तेही खोटंच होतं.

सँडीफोर्ड

ऑक्टोबर २०२०मध्ये इथे दुसरा लॉकडाऊन लागला. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. चेरीवूडचं ऑफिस बंद होतं. मी सँडीफोर्डमधल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत दिवसभर लॅपटॉपसमोर बसायची, आणि खालून लुआसच्या रिकाम्या ट्राम दर दहा मिनिटांनी जायच्या. त्या दिवसांत इंटरनेटवरच्या एका जाहिरातीत मला एक लाकडी कॅमेरा दिसला. विकणारा स्लायगोचा होता. मी तो घेतला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. स्क्रीन नसलेली एखादी वस्तू हवी होती, एवढंच.

कॅमेरा म्हणजे एक पेटी. पुढे भिंग, मागे काच, मध्ये हार्मोनियमसारखा कापडी भाता. भात्याला बारीक भोकं होती, ती मी काळ्या नेलपॉलिशने बुजवली. काचेचा एक कोपरा उडालेला. भिंगाची झडप म्हाताऱ्या माणसासारखी: एक सेकंद लावला तर कधी एक, कधी दोन. डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेत पाहायचं. जग उलटं दिसतं, झाडं वरून खाली लोंबतात. कापड म्हणून मी पुण्याहून आणलेली संक्रांतीची काळी साडी वापरायची. दोन वर्षांत ती नेसायचा प्रसंग आलाच नव्हता. डांबरगोळ्यांच्या वासाच्या त्या अंधारात समोरची इमारत, गाड्या, कुंपण उलटं टांगलेलं पाहताना मला त्या वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं होतं. फोटो धूसर यायचे, कडेला उजेडाचे ओघळ यायचे. तेही आवडायचे.

फिल्म एका चपट्या होल्डरमध्ये भरतात. होल्डर पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा, दोन्ही बाजूंना एकेक फिल्म, आणि प्रत्येकीवर सरकतं झाकण. फोटो काढताना ते ओढून काढायचं, मग परत सरकवायचं. झाकणाच्या वरच्या पट्टीची एक बाजू पांढरी असते, दुसरी काळी. फिल्म कोरी आहे की तिच्यावर फोटो काढून झाला आहे, हे कळायला ती खूण. नुसतं पाहून दुसऱ्या कशानेही कळत नाही.

पार्सल आलं त्या रविवारी सकाळी अकरा वाजता विकणाऱ्याचा फोन आला. "भाता शाबूत पोचला का?" नाव डेस. निवृत्त पोस्टमन. मी त्यांना मिस्टर म्हणून पुढे आडनाव लावलं, तर म्हणाले, "मिस्टर मला फक्त बँक म्हणते." पुढच्या रविवारी पुन्हा अकराला फोन आला. मग दर रविवारी. फिल्म अंधारात कशी भरायची, रसायनं किती कोमट हवीत, सगळं ते फोनवर सांगायचे. मी कमी बोलायची, त्यांना ते चालायचं.

एकदा त्यांनी विचारलं, "झाकणांचं माहीत आहे ना तुला?"

"हो, हो."

आदल्याच दिवशी मी ते एका वेबसाइटवर वाचलं होतं. पांढरी बाजू बाहेर असली की फिल्म कोरी. काळी बाहेर असली की फोटो काढून झालेला. मला माहीत होतं, म्हणून मी हो म्हटलं. तुम्ही कसं करता, असं मी विचारलं नाही. आमच्या शाळेत चुकीच्या इंग्रजीत प्रश्न विचारला की वर्ग हसायचा. म्हणून मी पहिलीपासून मान हलवायला आणि घरी जाऊन पुस्तकात बघायला शिकले. त्यावर मला बक्षिसंही मिळाली आहेत.

डेसची बायको नोरा नर्सिंग होममध्ये होती. आत जायला बंदी होती, खिडकीतून भेटायचं. ख्रिसमसच्या आदल्या आठवड्यात डेसनी आपला दुसरा, जड कॅमेरा हिरवळीवर मांडला आणि काचेपलीकडे खुर्चीत बसलेल्या नोराचे दोन फोटो काढले. "तिने कॅमेऱ्याला ओळखलं," ते म्हणाले. "मला नाही. पण कॅमेऱ्याकडे बघून हसली."

फेब्रुवारीत नोरा गेली. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. मी लॅपटॉपवर पाहिला, कॅमेरा आणि माइक बंद ठेवून. नोराची फिल्म त्यांनी धुतलीच नव्हती. हात कापायचे. "त्या फिल्मला स्थिर हात हवेत," ते म्हणाले. मी म्हटलं, मला पोस्टाने पाठवा, मी धुऊन देते. "अडतीस वर्षं पोस्टमन होतो मी. कॅमेरा पोस्टाने जाईल. नोरा जाणार नाही. रस्ते खुले झाले की तू ये."

स्लायगो, पहिला दिवस

ऑगस्टमध्ये गेले. उतरायची सोय आईने लावली होती, ओळखीच्या ओळखीतून. मंजिरीताई अकोल्याच्या, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात लॅबमध्ये कामाला. नवरा गोलवेला कामाला, शनिवार-रविवारी यायचा. घरात सध्या त्यांच्या सासूबाई होत्या. जानेवारी २०२०मध्ये तीन महिन्यांसाठी आल्या आणि अडकल्या त्या अडकल्याच. नऊवारी लुगडं, वर मुलाचं जाड जॅकेट, पायात लोकरी मोजे.

मी सुटकेस उघडून कॅमेरा बाहेर काढला तशा आजी जवळ आल्या.

"काय वं पोरी, हे शिलाई मशीन हाये काय?"

"कॅमेरा आहे, आजी."

"एवढाल्ला? आन् फोनमंदी नाई का निंगत फोटो?"

मी त्यांच्या डोक्यावर साडी टाकली आणि काचेत पाहायला लावलं. समोर मंजिरीताई ओट्याशी पोळ्या करत होत्या. आतून आवाज आला, "अवं, सून उलटी दिसून राह्यली!" मग थोडं थांबून, "तशी सुलटी कवा होती म्हना."

"आई, मला ऐकू येतंय."

"ऐकाले यावं म्हनूनच बोलली."

संध्याकाळी डेस भेटायला आले. दहा महिने ज्याचा आवाज दर आठवड्याला ऐकला तो माणूस दारात उभा होता, आणि तो माझ्या खांद्याला लागत होता. आवाज उंच माणसाचा होता. मी हात जोडले, त्यांनी कोपर पुढे केलं, मग आम्ही दोघंही नुसते उभे राहिलो. मी घरी केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा त्यांना दिला. त्यांनी एक चहात बुडवून खाल्ला, मग तीन. "हे बिस्कीट आहे की दगड?" म्हणाले, आणि डबा काखेत मारून घेऊन गेले. दारातून आजींनी त्यांना नीट न्याहाळलं. "बायको गेलेला मानूस दुरूनच समजते," त्या म्हणाल्या. "शर्टाची कॉलर पाय त्याची."

बेनबुल्बिन

दुसऱ्या दिवशी डेसच्या गाडीतून त्या डोंगराकडे गेलो. बेनबुल्बिनला शिखर नाही. पाचगणीच्या टेबललँडसारखा माथा सपाट कापलेला, पण कडे घड्या पडलेल्या पडद्यासारखे. प्रवासवर्णनांत आयर्लंडची हिरवळ फार असते. मला ती हिरवळ सरकारी वाटते, सगळीकडे सारखी. तो डोंगर मात्र करडा होता आणि कोणाची पर्वा नसल्यासारखा उभा होता. तो मला आवडला.

वारा इतका होता की भाता फडफडायला लागला. डेसनी तिपाईला दगड बांधले. त्यांची बोटं गाठ मारताना तीनदा निसटली, मी दुसरीकडे पाहिलं. मी साडीखाली गेले, आणि एका झोताने साडी उडाली. सहा वार काळं कापड कुंपणावरून शेजारच्या कुरणात गेलं आणि एका गाईच्या पाठीवर पडलं. गाय चरत राहिली. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका बाईने ते सगळं पाहिलं आणि विचारलं, "डेस, कोण गेलं?"

"कोणी नाही. फोटो काढतोय."

"गाय विधवा दिसतेय तुमची," ती म्हणाली आणि निघून गेली.

डेस हसता हसता खोकायला लागले. मी कुंपणाच्या तारेत जीन्स फाडून साडी परत आणली. तिला शेणाचा एक डाग पडला, तो अजून गेला नाही. मग आम्ही गाडीत बसून थर्मासमधलं बटाट्याचं सूप प्यायलो, ब्राउन ब्रेड खाल्ला. त्या दिवशी माझ्याजवळच्या सगळ्या, आठही फिल्म मी संपवल्या. एकेक होल्डर झाला की झाकणाची काळी बाजू बाहेर करून पिशवीत टाकत होते. डेस शेजारीच उभे होते, पण त्यांची नजर डोंगराकडे होती. त्यांनी एकदा खाली पाहिलं असतं तर.

ते सांगत होते, नोरा फोटो काढू द्यायची नाही. पन्नास वर्षांत सगळे फोटो पाठमोरे, नाहीतर हात आडवा केलेला. "समोरून हसणारी एवढीच. दोन फिल्म. तीही तिला मी कोण ते कळत नव्हतं म्हणून."

डेसचं घर

तिसऱ्या दिवशी त्यांनी चहाला बोलावलं. स्वयंपाकघर स्वच्छ होतं, फार स्वच्छ, माणूस एकटा आहे हे कळण्याइतकं. खुर्च्या दोन होत्या आणि एकीवर वर्तमानपत्रं. आपल्याकडे माणूस गेलं की तेरा दिवस घर भरलेलं असतं. कंटाळा येतो, भांडणं होतात, पण घर भरलेलं असतं. इथेही तसंच असतं, डेस म्हणाले, सगळा गाव येतो, सँडविचेस आणतो. नोराच्या वेळी शेजारीण पायरीवर बशी ठेवून गेटापाशी जाऊन उभी राहिली होती.

त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. पिठाच्या डब्यामागून त्यांनी दोन होल्डर काढले.

"हा एक नोरा. आठ महिने इथेच आहे. आणि तुझ्या फिल्म संपल्या ना, म्हणून हा दुसरा काल भरला. माझ्या खोक्यातल्या शेवटच्या दोन फिल्म. त्यावर तुला हवं ते चांगलं काहीतरी काढ."

दोन्ही होल्डर एकाच जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिले. "कुठला कुठला ते झाकणावरून कळेलच तुला."

"हो, हो," मी म्हटलं.

मंजिरीताईंकडे परत येऊन टॉवेल सोडला. एका होल्डरवर दोन्ही बाजूंना काळं होतं, दुसऱ्यावर पांढरं. काळा तो नोरा. मी तो माझ्या स्वेटरच्या घडीत ठेवला, सुटकेसच्या मधोमध, कुठूनही धक्का लागणार नाही असा. पांढरा बाहेर ठेवला.

निघायच्या दिवशी

सकाळी ऊन होतं. आजी नाश्त्यालाच लुगडं बदलून बसल्या होत्या, हिरवं, काठाचं, गळ्यात पोत. त्यांचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं निघालं होतं.

"माया एक फोटो काढून दे, पोरी. मोठ्ठा. भिंतीवर लावाजोगा."

"आई, इतके फोटो आहेत तुमचे माझ्या फोनमध्ये," मंजिरीताई म्हणाल्या.

"थे जिवंतपनीचे हायेत. मले मेल्यावरचा पायजे." त्या माझ्याकडे वळल्या. "माही जाऊ गेली न् गेल्या वैशाखात. घरात तिचा धड एक फोटो नोयता. लग्नातल्या फोटोतून कापला मंग. थ्या फ्रेमीत अजूनबी कोन्या बुवाचा खांदा हाये. हार तिले घालतेत का खांद्याले, समजतच नाई."

मी हसले. मला वाटलं, डेसच्या शेवटच्या फिल्मवर काढायला याहून चांगलं काही मिळणार नाही. मागच्या अंगणात भिंतीशी खुर्ची ठेवली. पांढऱ्या झाकणाचा होल्डर कॅमेऱ्यात सरकवला.

"हलू नका, आजी."

"शास घेऊ का नोको?"

"जरा धरून ठेवा."

झडप उघडली, सवडीने मिटली. चांगला झाला होता, मला कळलं. मी होल्डर बाहेर काढू लागले, तर आजी म्हणाल्या, "डोये मिटले असतीन माये. अजून एक काढ."

मला ते पटलं. मी नेहमीच दोन काढते. झडपेचा भरवसा नाही, एक खबरदारी म्हणून. होल्डर उलटा करून दुसरी बाजू लावली आणि दुसराही काढला.

सँडीफोर्ड

माझ्या बाथरूमला खिडकी नाही. दाराच्या फटीला टॉवेल लावला की दुपारीही पूर्ण अंधार होतो. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी नोराचा होल्डर घेतला. काळा. हात दोनदा धुतले. फिल्म ट्रेमध्ये सोडल्या, मनात सेकंद मोजले, एकही चूक केली नाही. दिवा लावला. दोन्ही फिल्म काचेसारख्या आरपार कोऱ्या होत्या.

मला डेसची कीव आली, आणि थोडा रागही. एवढं सांभाळलं, एवढं सांगितलं, आणि मुळात फोटो निघालाच नव्हता. झाकण ओढायला विसरले असतील, किंवा त्या हातांनी घात केला असेल. मी मनात वाक्यं जुळवायला लागले, त्यांना कमीत कमी लागेल अशी. मग आजींच्या फिल्म धुवायला घेतल्या.

दिवा लावून पहिली उचलली. आजींची खुर्ची होती. लुगड्याचे काठ होते. त्यांच्या छातीवरून खिडकीची चौकट गेली होती. अंगणात खिडकी नव्हती. एका बाजूला पडदा धरलेला कोणाचा तरी हात. आणि आजींच्या तोंडाच्या आत, जरा तिरपं, दुसरं एक तोंड होतं, उघडं, हसणारं. डोळे चार होते आणि कुठले कोणाचे ते सांगता येत नव्हतं. एकाच फिल्मवर दोन फोटो बसले होते. दुसरी फिल्म त्याहून काळी. तिच्यात कोणीच ओळखू येत नव्हतं.

मी टबाच्या कडेवर बसले. कोणी पाहिलं तर याला कला म्हणेल, असा एक घाणेरडा विचार मनात येऊन गेला.

अकरा वाजता फोन वाजला.

"काय म्हणते माझी नोरा?"

मी म्हटलं, "डेस, फिल्म कोऱ्या निघाल्या." हे वाक्य तयार होतं. मघाशी, खरं वाटत असताना जुळवलेलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

पलीकडे त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पण मी पांढरी बाजू बाहेर केली होती. आठवतंय मला, तिथे हिरवळीवर. फिल्म अंधारात असेपर्यंत काळी, उजेड आत गेला की पांढरी. लहानपणी चर्चच्या फादरनी असंच शिकवलं मला. साठ वर्षं तसंच करतोय."

इथे मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य. माझं इंग्रजी चांगलं आहे, त्यासाठीच माझ्या आईवडिलांनी मला त्या शाळेत घातलं.

"नसेल केली," डेस म्हणाले. "झाकण ओढलंच नसेल मी. तिच्याकडे बघत होतो ना. हे हात, दुसरं काय." आणि मग त्यांनीच मला समजावलं. "तू वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. तुझी काही चूक नाही. तू ग्रँड आहेस."

मी सॉरी म्हटलं. इथे कोणी गेलं की सगळे तेवढंच म्हणतात, त्यामुळे त्यांना त्यात वेगळं काही ऐकू आलं नाही.

मंजिरीताईंना मेसेज केला की जुनं सामान आहे, आजींचा फोटो बिघडला. उत्तरादाखल आजींचा आवाज आला: "असू दे वं पोरी. अजून मेली नाई मी." परवा त्या नागपूरला पोचल्या.

मी मराठीत कधी काही लिहीत नाही. शाळेतल्या निबंधानंतर हे पहिलंच. हे मराठीत लिहिलं, कारण ते डेसना वाचता येणार नाही.

गेल्या आठवड्यात एक मोठं पार्सल आलं. सुतळीच्या गाठी ढिल्या, एकावर एक चार-पाच मारलेल्या. वर चिठ्ठी चिकटवलेली, अक्षर थरथरतं: *या हातांना आता हा शोभत नाही. तुझे स्थिर आहेत.* आत त्यांचा जड कॅमेरा असणार, नोराने ओळखलेला. मी तो दाराशीच ठेवला आहे. येता-जाता वळसा घालून जावं लागतं.

आज अकरा वाजता फोन आला.

"भाता शाबूत पोचला का?"

सुतळी तशीच होती. मी म्हटलं, "हो, हो. ग्रँड."